लॅटिन सरांची दोन पानं

लॅटिन सरांना खोटं ऐकलं की मळमळायचं. रंगवून सांगत नाही, अगदी खरोखर मळमळायचं. चेहरा आंबट व्हायचा, गळ्याची घाटी वरखाली व्हायची आणि हात शर्टाच्या खिशातल्या ओव्याच्या डबीकडे जायचा. वर्गात कुणी न वाचता काहीतरी ठोकून दिलं की सर चिमूटभर ओवा तोंडात टाकून डोळे मिटून चावत बसायचे. "माहीत नाही म्हण ना वं," ते मला म्हणायचे, "तेवढं म्हटल्यानं जीभ झडते काय तुही?" पहिल्या महिन्यात मी त्यांचा बराच ओवा संपवला.

हे लिहायला बसले तेव्हापासून माझंही तोंड कडू आहे. सरांबद्दल लिहायचं तर भाऊसाहेबांबद्दल लिहावं लागतं, आणि त्याहून शिसारी येण्यासारखी गोष्ट म्हणजे माझ्याबद्दल लिहावं लागतं. पण आधी सर.

सर खाप्याचे. कन्हानच्या काठी घरची शेती, घरात इंग्रजीचं अक्षर नाही. कॉलेजात शिकायला नागपूरला आले तेव्हा तिथल्या ग्रंथालयात एक म्हातारे परदेशी फादर होते. त्यांना मराठी शिकायची होती. दोघांचं ठरलं, तुम्ही मला लॅटिन, मी तुम्हाला मराठी. चार वर्षं हा व्यवहार चालला. सर लॅटिन शिकले आणि फादर जे शिकले ती सरांच्या घरची मराठी. "काहून गा, आज उशीर काहून केला?" असं ते गोरे फादर विचारायचे म्हणे, आणि मुंबई-पुण्याकडून आलेले प्राध्यापक एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. पुढे सरांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण प्रत्येक शब्द मुळापासून उपटून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून ते लॅटिन सर.

निवृत्तीनंतर नागपूरच्या धरमपेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत ते दर रविवारी सकाळी शब्दांचा वर्ग घ्यायचे. आठ-दहा माणसं असू. मी काटोलहून शिकायला आलेली, संत्र्याच्या बागेतली पोरगी; इंग्रजी बोलायची वेळ आली की कुणाच्या तरी मागे लपायची. मे महिन्यात खोली भट्टीसारखी तापायची, आणि नेमका एखादा महत्त्वाचा शब्द आला की सर उठून कूलर बंद करायचे. "त्याच्या घरघरीत शब्द नीट ऐकू येऊन नाही राहिला." मग आम्ही घामाच्या धारांत त्या शब्दाचं मूळ ऐकायचो. एक वकीलसाहेब तर रुमाल ओला करून डोक्यावर ठेवून बसायचे. कूलर पुन्हा सुरू करायची हिंमत मात्र कोणाची नव्हती.

एकदा एका शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी मोठ्या थाटात सांगितलं, "न्यूज म्हणजे काय? नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ! चारी दिशांच्या बातम्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसलेल्या सरांनी हातातली जिलबी बशीत ठेवली. कार्यक्रम संपल्यावर ते पाहुण्यांना गाठून अगदी नरमाईने म्हणाले, "साहेब, फ्रेंच लोकायले दिशा नसतात काय? त्यायचाही बातमीचा शब्द 'नवं' यावरूनच काहून आला मग?" पाहुणे हसले आणि त्यांनी सरांच्या खांद्यावर थोपटलं. सर घरी येईपर्यंत ओवा चावत होते. मला म्हणाले, "चूक झाली तं झाली. पण चुकीले टाळी पडली का पोट ढवळते माहं."

आता तो शब्द. 'क्रीड'. माणसाची श्रद्धा काय आहे, तो कशाला मानतो, हे सांगणारा इंग्रजी शब्द. मला वाटलं होतं, डिक्शनरीत बघायचा आणि पुढे जायचं. सरांनी कूलर बंद केला. मग म्हणाले, लॅटिनमध्ये 'क्रेडो' म्हणजे मी विश्वास ठेवतो. चर्चमधल्या श्रद्धेच्या घोषणेचा हा पहिलाच शब्द, म्हणून पुढे त्या सगळ्या घोषणेलाच ते नाव पडलं. आपण नाही का आरती तिच्या पहिल्या शब्दांनी ओळखत, तसं. "पण त्याच्याही मांगं जा," सर म्हणाले. "जुना रोमन माणूस हाच शब्द साध्या कामाले वापरे. एखादी वस्तू कोणाच्या हवाली करणं. तू काटोलले जाताना खोलीची किल्ली शेजारणीजवळ देते ना? तेच. विश्वास म्हणजे डोळे मिटणं नाही पोरी. विश्वास म्हणजे किल्ली देणं."

आणि त्याच्याही मागे, ते म्हणाले, या शब्दाचे दोन तुकडे दिसतात. एक काळीज आणि एक ठेवणं. काळीज ठेवणं. मग त्यांनी फळ्यावर 'श्रद्धा' लिहिलं आणि त्याचेही दोन तुकडे केले, श्रत् आणि धा, आणि मागे सरून उभे राहिले. तेच दोन तुकडे होते. वकीलसाहेबांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. मी उत्साहाने म्हटलं, "म्हणजे सर, त्यांनी आपलाच घेतला!" सरांनी खिशात हात घातला. "नाही वं बाई. तो यातून आला नाही, हा त्यातून आला नाही. दोघी बहिणी आहेत. आई त्यायच्याही अगोदरची, तिचं लिहिलेलं काही उरलं नाही. अन् काळजाचं जे म्हणतो, तेही पंडितांचं अनुमान आहे. काही जण नाही म्हणतात. तेही वहीत लिही."

एवढं ज्ञान, पण सरांनी छापून एक ओळ दिली नव्हती. "छापलेलं खोडता येत नाही," म्हणायचे. दिवाळी अंकवाले थकले, वर्गातले थकले. मग त्यांना पंचाहत्तरावं लागलं आणि भाऊसाहेब उगवले.

भाऊसाहेब सरांचे कॉलेजातले विद्यार्थी. तीन शाळांचे संस्थाचालक. बोलताना समोरच्याचा हात हातात धरून ठेवायची त्यांना सवय, आणि तो हात नेहमी घामेजलेला. सरांचा अमृतमहोत्सव करायचा, पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण करायचं, गौरविका काढायची, सगळं त्यांनीच ठरवलं. गौरविकेचं काम माझ्याकडे आलं, कारण एव्हाना माझा अक्षरजुळणीचा स्वतःचा धंदा होता आणि मी सरांची लाडकी होते. सर सत्काराला नाही म्हणून थकले तेव्हा भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे लेख मागितला. आणि काय आश्चर्य, सर हो म्हणाले. 'क्रीड'वर लिहीन म्हणाले.

दोन पानांना त्यांना आठ महिने लागले. एक दिवस ते स्वतः जिने चढून माझ्या ऑफिसात आले, धापा टाकत बसले, पाणी प्यायले आणि फुलस्केपची दोन पानं माझ्यासमोर ठेवली. निळी शाई, सरळ ओळी, एकही खाडाखोड नाही. "हे तुह्या हवाली," म्हणाले. "एवढंच छापीन मी जन्मात. स्वल्पविरामही हलवू नको." मी पानं कपाळाला लावली. नाटकी वाटेल, पण लावली.

चार दिवसांनी भाऊसाहेबांनी लेख वाचला आणि मला बोलावलं. माझा हात धरला. "मॅडम, लेख उत्तम. पण हे बहिणी-बहिणी काय? अनुमान काय, काही जण नाही म्हणतात काय? लोकांना अभिमान वाटेल असं पाहिजे. इंग्रजांनी श्रद्धा हा शब्द आपल्याकडून नेला, असं स्पष्ट लिहा ना. सरांचाच मान वाढेल त्यात."

"पण सरांनी तसं लिहिलं नाही," मी म्हटलं. एवढं म्हटलं, हे खरं. यापुढे माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही.

"सर साधे आहेत हो. त्यांना काय कळतं लोकांचं? आणि हे बघा, मुखपृष्ठावर संपादक म्हणून तुमचं नाव घालतो आहे. व्यासपीठावर खुर्चीही." त्यांनी माझा हात जरा जास्त दाबला. मी हात सोडवून घेतला नाही. घरी येऊन मी संगणकासमोर बसले आणि सरांच्या दोन पानांत स्वतःच्या बोटांनी शेण कालवलं. "या दोघी बहिणी आहेत" हे वाक्य काढलं आणि तिथे लिहिलं, "'क्रीड' ही आपल्या 'श्रद्धे'चीच परदेशी नेलेली लेक आहे." पंडितांच्या शंका उडवल्या. वाक्य चांगलं जमलं म्हणून मला तेव्हा बरंही वाटलं. ते बरं वाटणं आज आठवलं की अंगाला घाण लागल्यासारखं होतं.

भाऊसाहेबांच्या ऑफिसात वानखडे नावाचे टायपिस्ट होते. शांत माणूस, एक-दोनदा रविवारच्या वर्गाला येऊन गेलेले. शेवटची प्रत त्यांच्याकडून छापखान्यात जायची होती. त्यांचा मला फोन आला. "मॅडम, सरांनी खरंच असं लिहिलं आहे? वर्गात तर वेगळं सांगितलं होतं." मी म्हटलं, "हो. त्यांनीच बदललं."

सत्कार धरमपेठेतल्या एका सभागृहात झाला. सनई, रांगोळी, पंचाहत्तर दिव्यांचं ताट धरून घामाघूम झालेल्या बायका. सरांना शाल गुंडाळली, श्रीफळ दिलं. पाहुण्यांनी गौरविका उघडून नेमकं माझं वाक्य मोठ्याने वाचलं आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. सर गोंधळून बघत राहिले. मग त्यांनी शेजारच्याच्या हातातली गौरविका घेतली, चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच दोन्ही पानं वाचली. पाहुण्यांच्या हातून त्यांनी माइक घेतला.

"हे मी लिहिलेलं नाही," सर म्हणाले.

आणि मग, देवा रे, टाळ्या. सत्कारमूर्तीने नाही म्हणायचं आणि आपण त्याला विनय समजायचं, हा आपला रिवाजच आहे. शाल पांघरलेला माणूस 'मी काही केलं नाही' असंच म्हणतो, लोकांना ते पाठ असतं. भाऊसाहेब उठून म्हणाले, "बघा! एवढा मोठा माणूस, पण श्रेय घ्यायला तयार नाही!" आणखी टाळ्या. सर ओरडले, "अरे विनय नाही गा हा! खोटं आहे हे! असं नाही म्हटलं मी!" त्यावर लोक कौतुकाने हसले. कुणीतरी माइक काढून घेतला, आभारप्रदर्शन सुरू झालं आणि मागे कोथिंबिरीच्या सांबारवडीचा घमघमाट सुटला. मी व्यासपीठावर माझ्या खुर्चीत बसून होते. हातात फुलं.

पुढचे सहा महिने सरांच्या फोटोखाली ते वाक्य मोबाइलवर फिरत राहिलं. कमळाचं चित्र, जोडलेले हात. लोक रस्त्यात सरांच्या पाया पडायचे आणि म्हणायचे, "सर, काय दणका दिला हो इंग्रजांना!" ज्याच्या त्याच्यापुढे सर तेच सांगायचे, ते माझं नाही. आणि कुणी विचारलं, मग कोणी केलं, त्या तुमच्या विद्यार्थिनीने का, तर सर चवताळून उठायचे. "ते पोरगी? नाव घेऊ नका तिचं. तिनं स्वल्पविरामही हलवला नसंल. भाऊसाहेबाच्या ऑफिसात झालं ते. टायपिस्टानं केलं असंल." हे मी माझ्या कानांनी ऐकलं, वर्गात, सगळ्यांसमोर, आणि वहीत डोकं घालून बसले. भाऊसाहेबांना तर हे आयतंच मिळालं. त्यांनी वानखडेंना सगळ्यांदेखत झाडलं आणि त्यांची बदली संस्थेच्या काटोलच्या शाळेत केली. माझ्याच गावी. माझ्या पापापायी तो माणूस रोज सकाळी नागपूर-काटोल बस धरू लागला आणि मी ते कळूनही गप्प राहिले. सोपं होतं हो गप्प राहणं. त्याचीच तर किळस येते.

त्या हिवाळ्यात सर आजारी पडले आणि पुतण्याने त्यांना खाप्याला नेलं. मी एका दुपारी गेले. ओसरीवर बाजेवर पडले होते, निम्मे झालेले. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. पुतण्याला म्हणाले, "हे पाह्य, आली. हिच्याजवळच दिली होती मी पानं." मला ते सहन झालं नाही. मी उभ्यानेच सांगून टाकलं. "सर, वानखडेंनी नाही. मी केलं."

ते कोपर टेकून अर्धवट उठले. मग म्हणाले, "काहून?"

भाऊसाहेबांचं नाव जिभेवर आलं होतं. ते गिळलं. "मुखपृष्ठावर माझं नाव येणार होतं."

सरांची घाटी वरखाली झाली. पुतण्या धावत घमेलं घेऊन आला. सरांना उलटी झाली, पोटात काही नव्हतं तरी दोनदा. मी पाणी पुढे केलं तर त्यांनी ते पुतण्याच्या हातून घेतलं. तोंड पुसून म्हणाले, "म्हणजे सहा महिने मी खोटं बोलून राहिलो. घरोघरी. अन् मले पत्ताही नाही." मला वाटलं, आता म्हणतील चालती हो. ते म्हणाले, "वही काढ. कोणाकोणाले सांगतलं ते माह्या लक्षात आहे. लिही."

एकोणीस नावं झाली. मग त्यांनी मला एकेक फोन लावायला सांगितला. त्यांना मोबाइल धरवत नव्हता, म्हणून तो मीच त्यांच्या तोंडाशी धरला. कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकर सुरू ठेवला. प्रत्येकाला तेच, तेवढंच. "मी तुमाले म्हटलं होतं, त्या पोरीनं बदल केला नाही. ते चुकीचं होतं. तिनंच केला. टायपिस्टाचा दोष नाही. माही चूक दुरुस्त करून राहिलो. बस." माझ्याविरुद्ध एक वाकडा शब्द नाही. पलीकडून लोक म्हणायचे, "जाऊ द्या हो सर." एक बाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, चोरटीच दिसते ती." मी तिथेच होते, मोबाइल धरून. सर म्हणाले, "पुढचा लाव."

त्या दिवशी सात झाले. मी रोज जायला लागले. माफी मागायला तोंड उघडलं की ते वहीकडे बोट करायचे. असे अठरा फोन झाले. एकोणिसावं नाव वानखडेंचं होतं; सांगितलं त्यांना नव्हतं, पण दोष त्यांच्यावर टाकला होता. त्यांना सरांनी फोन करू दिला नाही. "त्याले फोनवर नाही. त्याच्या तोंडावर सांगाले पाहिजे. उभं राहता आलं का काटोलले जाऊ. तूही ये." उभं राहता आलं नाही. पुढच्याच आठवड्यात सर गेले.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी काटोलच्या शाळेत गेले. मधली सुट्टी होती. वानखडे कोपऱ्यातल्या टेबलाशी डबा उघडून बसले होते. सर येणार होते तसं मी सगळं त्यांच्या तोंडावर सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"मॅडम, मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, सरांनीच बदललं."

"हो."

"मी विश्वास ठेवला," ते म्हणाले आणि डबा घेऊन बाहेर पडले.

मी शाळा सुटेपर्यंत फाटकाशी थांबले. नागपूरच्या बसमध्ये आम्ही एकाच दारातून चढलो. त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती. त्यांनी त्या सीटवर पिशवी ठेवली आणि खिडकीबाहेर बघू लागले. मी मागे जाऊन दांडा धरून उभी राहिले.